वाचकांचे प्रश्न : तलावाच्या कव्हरवर साचलेलं पावसाचं पाणी

घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या बंगल्यांमधून पोहण्याचे तलाव पावसाळ्यात झाकून ठेवायची पद्धत आता बरीच रुळली आहे. झाकण घातलं की काम संपलं, असं मात्र होत नाही. पहिल्याच जोरदार पावसानंतर कव्हरवर दुसरा तलाव तयार होतो. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्या दुसऱ्या तलावाबद्दलचेच आहेत.

प्रश्न : लोणावळ्याजवळ आमचा ३० फूट बाय १५ फुटांचा तलाव आहे. पावसाळ्यात त्यावर पीव्हीसीचं जाड कव्हर घालतो. एका रात्रीत मधोमध ढोपरभर पाणी साचतं. किती क्षमतेचा पंप घ्यावा? विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा ओपनवेल सबमर्सिबल पडून आहे, तो चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी पाण्याचा हिशेब करू, म्हणजे पंपाचा आकडा आपोआप हाती येईल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. तुमचा तलाव ४५० चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास ४२ चौरस मीटर. दर मिलिमीटरला ४२ लिटर. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे पडणाऱ्या पावसाला ‘जोरदार’ म्हणतं. तेवढ्यात तुमच्या कव्हरवर २,७०० लिटर जमतं. २०४.५ मिमी, म्हणजे खात्याच्या सगळ्यात वरच्या वर्गाची सुरुवात, झाला तर साडेआठ हजार लिटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता. तसा पाऊस तुमच्या कव्हरवर पडला, तर दहा हजार लिटरचे चार टँकर रिकामे केल्यासारखं होईल. बंगल्याच्या छपराची पन्हळ तलावाच्या बाजूला सुटत असेल, तर छपराचं क्षेत्रफळही या हिशेबात धरा. खरं तर पंप घेण्याआधी ती पन्हळच दुसरीकडे वळवा. सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

घाटातल्या सरीत तासाला ३०-४० मिमी पाऊस सहज पडतो. म्हणजे पडतंय तितकं पाणी काढत राहायचं, तर तासाला सोळा-सतराशे लिटर प्रत्यक्षात बाहेर गेलं पाहिजे. ‘प्रत्यक्षात’ हा शब्द महत्त्वाचा. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीला आणि नळी न जोडता मोजलेला असतो. तेव्हा खोक्यावर ताशी ४,००० ते ५,००० लिटर आणि ५-६ मीटर हेड (म्हणजे पाणी चढवायची जास्तीत जास्त उंची) लिहिलेला, साधारण २००-२५० वॅटचा छोटा सबमर्सिबल घ्या आणि त्याला एक इंची नळी लावा. बागेची अर्ध्या इंचाची नळी लावलीत, तर पंधरा मीटर लांबीत हाच पंप तासाला हजार लिटरच्याही खाली येतो. ‘पंप कमी पडतो’ अशा तक्रारींत दोष बहुतेक वेळा नळीचाच निघतो.

विहिरीवरचा ओपनवेल वापरू नका. त्याची मोटर भोवतालच्या पाण्याने थंड राहते, म्हणून तो सतत पूर्ण बुडालेला लागतो. कव्हरवर पाणी टीचभर उरलं की त्याचं अंग उघडं पडतं आणि वाइंडिंग तापतं. शिवाय बिडाचं ते वजनदार धूड आणि त्याच्या कडा कव्हरला एकाच जागी घासत राहतात. पंप घेताना अंग प्लास्टिकचं आहे ना, तळ सपाट आहे ना आणि पाणी खालच्या बाजूने खेचतो ना, हे पाहा. बाजूने खेचणारा पंप दोन-तीन सेंटिमीटर पाणी मागे ठेवतो; तळाने खेचणारा चांगला पंप अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आणतो. ४२ चौरस मीटरवर दोन सेंटिमीटर म्हणजे आठशे लिटर, हे लक्षात घेतलं की या फरकाचं मोल कळेल.

पंप ठेवायची रीत अशी. तळाला भोकं असलेली प्लास्टिकची पसरट पाटी घ्या, तिच्याखाली जुन्या योगा-मॅटचा किंवा रबरी पायपुसण्याचा तुकडा बांधा, पंप पाटीत बसवा आणि पाटीसकट सगळं कांद्याच्या जाळीच्या गोणीत घालून तोंड आवळा. पानं गोणीला चिकटतात, इम्पेलरपर्यंत, म्हणजे पंपाच्या फिरत्या पात्यापर्यंत, जात नाहीत. पाटीला दोन लांब नायलॉनच्या दोऱ्या बांधा आणि तलावाच्या समोरासमोरच्या काठांवर दोघांनी उभं राहून ती नावेसारखी ओढत मधोमध न्या. कव्हरवर पाय ठेवायचा नाही आणि पंप केबलला धरून कधीही उचलायचा नाही. केबल जिथे पंपाच्या अंगात शिरते ते रबरी बूच एकदा सैल झालं की पाणी आत जातं.

प्रश्न : संध्याकाळी पंप लावून कव्हर कोरडं केलं. रात्री पाऊस नाही, तरी सकाळी चार बोटं पाणी! असं तीन दिवस चाललंय, आणि आता तलावातलं पाणीही कमी झालेलं दिसतं. हे पाणी येतं कुठून?
— एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : तलावातूनच. पंप ताबडतोब थांबवा; तुम्ही तलाव उपसताय.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया तोच आहे. कव्हर हे छप्पर नव्हे. पत्र्याचं वजन भिंती उचलतात. कव्हरवरच्या पाण्याचं वजन मात्र खालचं तलावाचं पाणी उचलतं. वर पाणी साचलं की कव्हर तेवढं खाली दबतं आणि वरच्या-खालच्या पाण्याच्या पातळ्या जवळपास सारख्या होतात. दोन पाण्यांच्या मध्ये एक पडदा तरंगतोय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. पातळ्या सारख्या असताना पडद्याला भोक असलं तरी काही दिसत नाही. पंपाने वरची पातळी उतरवली की खालचं पाणी भोकातून उसळून वर येतं आणि पातळ्या पुन्हा जुळेपर्यंत येतच राहतं. ५ मिमीचं भोक आणि ५ सेंटिमीटरचा फरक असेल, तर तासाला चाळीसेक लिटर, दिवसाला हजार. पेन्सिलच्या जाडीपेक्षाही बारीक भोक आहे हे.

खात्री करायला घरातलं आरओच्या पाण्याचं टीडीएस मीटर पुरेसं आहे. कव्हरवरच्या पाण्यात बुडवा. ताज्या पावसाच्या पाण्याचा आकडा बहुधा पन्नासच्या आत येतो. बोअरवेलच्या पाण्याने भरलेल्या तलावाचा कितीतरी शेकड्यांत असतो. तलावाच्या पाण्याचाही आकडा घ्या. कव्हरवरचा आकडा त्याच्या जवळ गेलेला दिसला, तर शंका उरत नाही. क्लोरिन तपासायचं किट असेल तर त्यानेही पाहता येतं. किटमधले थेंब टाकल्यावर कव्हरवरच्या पाण्याला पिवळी झाक आली, तर ते पावसाचं नाही. पण झाकलेल्या तलावातलं क्लोरिन संपलेलं असू शकतं. म्हणून झाक आली नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, टीडीएसवर भरवसा ठेवा.

नुसती तलावाची पातळी उतरली म्हणून मात्र कव्हर फाटलं असं समजू नका. वरचं ओझं गेलं की कव्हर वर येतं आणि काठाची पातळी तशीही उतरते, माल उतरवल्यावर होडी वर येते तशी. खरी खूण म्हणजे पाऊस नसताना कव्हरवर परत आलेलं पाणी.

भोक शोधायला पाणी पूर्ण काढू नका, बोटाच्या पेराएवढं राहू द्या आणि काठावर बसून सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा. कव्हरवर मातीचा पातळ थर बसलेला असतो. भोकाच्या भोवती मात्र रुपयाच्या नाण्याएवढी जागा स्वच्छ धुतलेली दिसते आणि तिच्या मध्यावर पाणी किंचित हलत असतं. काठाजवळच्या शिवणी आणि दोरीच्या रिंगांची मुळं आधी पाहा. फाटायला सुरुवात तिथूनच होते.

कव्हर पीव्हीसीचं असेल, तर तो भाग काठावर ओढून घ्या, कोरडा करून स्पिरिटने पुसा आणि त्याच कापडाचं, भोकापेक्षा सगळीकडून ५ सेंमी मोठं, कोपरे गोल कापलेलं ठिगळ पीव्हीसीच्या सोल्यूशनने लावा. कोपरे चौकोनी ठेवले की तिथून सुटतं. सिलपॉलिनसारखी ताडपत्री असेल, तर तिच्यावर हे सोल्यूशन धरत नाही. तिला ताडपत्रीची टेप लावावी लागते, तीही दोन्ही बाजूंनी. ठिगळ लागेपर्यंत पंप नको.

प्रश्न : मागच्या वर्षीचा पंप काढला. चालू केला की गुंगुं आवाज येतो, पाणी येत नाही. कधी कधी आवाज नीट येतो, तरीही नळी कोरडीच. मोटर जळाली का?
— एक वाचक, कर्जत

उत्तर : जळालेली मोटर बहुधा आवाजच करत नाही किंवा फ्यूज उडवते. तुमच्या पत्रात दोन वेगळे बिघाड आहेत.

गुंगुं आवाज येतो आणि पंप थरथरतो, तेव्हा इम्पेलर अडकलेला असतो. वर्षभर कोरडा पडलेल्या पंपात क्षार धरतो, किंवा मागच्या मोसमातलं पान आत वाळून बसलेलं असतं. पिन सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. खालच्या जाळीचे तीन-चार स्क्रू काढा, इम्पेलर बोटाने फिरवून पाहा. घट्ट असेल तर कोमट पाण्यात लिंबू पिळून तासभर बुडवून ठेवा, क्षार सुटतो. मोकळा फिरत असूनही गुंगुं करत असेल, तर कपॅसिटर गेलाय किंवा व्होल्टेज कमी आहे. पावसाळ्यात गावाकडे व्होल्टेज कमी असणं काही नवं नाही, तेव्हा आधी तेच मोजा.

आवाज नीट येतो पण पाणी येत नाही, तेव्हा पंपाने हवा धरलेली असते. उथळ पाण्यात पंप सरळ ठेवला की इम्पेलरभोवती हवेचा फुगा अडकतो. दोरीने पंप आडवा कलवा, बुडबुडे निघून गेले की सरळ करा. नळीत आधीचं पाणी साठलेलं असेल, तर नळीचं टोक क्षणभर जमिनीवर खाली धरा, म्हणजे कोंडलेली हवा सुटते. काही पंपांच्या अंगाला हवा सुटायला टाचणीएवढं भोक दिलेलं असतं. ते मातीने बुजतं. सुईने मोकळं करा. त्यातून पाण्याची बारीक धार उडते म्हणून एम-सील लावून ते बंद करणारे लोक आहेत, तसं करू नका.

आणि एक. पंपाभोवती पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसला, तर तो पंप लगेच बाजूला काढा. आतलं सील गेलंय, यानंतर पाणी वाइंडिंगपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

प्रश्न : पंप पाण्यात, केबल पावसात. शॉक लागण्याची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भीती रास्त आहे. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवलेल्या लाइनवरच पंप लावा. नुसती एमसीबी माणसाला वाचवत नाही. ती तारा तापू नयेत म्हणून असते, अंगातून जाणारा थोडासा करंट तिला कळतही नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. केबल तीन तारांची, अर्थिंगसकट हवी. म्हणूनच कूलरचा दोन पिनांचा पंप या कामाला नको, कितीही स्वस्त मिळाला तरी. केबलचा जोड जमिनीवर कधीही ठेवू नका. टेप गुंडाळलेला जोड पिशवीत बांधून गवतात टाकलेला सर्रास दिसतो, त्यातून एका पावसात करंट उतरतो. केबल पुरत नसेल तर सॉकेट जवळ आणा, छपराखाली, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर. पाण्याला हात लावण्यापूर्वी, पंप ओढण्यापूर्वी, जाळी साफ करण्यापूर्वी पिन काढायची.

पंप पाण्यात सोडला की आरसीसीबी पडतो, अशी तक्रार पाहायला येणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ‘बायपास करून द्या’ असं कधी सांगू नका. आरसीसीबी त्याचं काम करतोय. खराब आहे तो पंप.

प्रश्न : आम्ही महिन्यातून दोनदाच फार्महाउसवर जातो. फ्लोट स्विचचा पंप लावला, तर तो आपोआप चालू-बंद होत राहील ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकीवरचा नेहमीचा, वायरला लोंबणारा फ्लोट लावला असेल तर नाही होणार. तो फिरून उलटा व्हायला किमान वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल पाणी लागतं. कव्हरवरच्या पसरट पाण्यात तो आडवा पडून राहतो. एक तर पंप चालूच होत नाही, किंवा चालू झाला की फ्लोट पाटीच्या कडेला अडकून बंद होत नाही आणि पंप कोरडा फिरून जळतो. पाण्याचा स्पर्श ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर असलेला, किंवा उभ्या दांडीवर फ्लोट वर-खाली होणारा पंप घ्या. टायमर लावायचा मोह होईल, पण टायमरला पाऊस पडला की नाही ते कळत नाही.

नळीचं बाहेरचं टोक कुठे सोडलंय हेही पाहा. ते भरलेल्या गटारात बुडलं आणि गटाराची पातळी कव्हरपेक्षा वर गेली, तर पंप बंद होताच गटाराचं पाणी उलटं कव्हरवर येतं. टोक उघड्यावर, पाण्याच्या वर ठेवा आणि पंपाच्या तोंडाशी एक इंची नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. याउलट, नळीचं टोक कव्हरपेक्षा बरंच खाली असेल, तर पंप बंद झाल्यावरही पाणी सायफनने वाहत राहतं. कव्हर अखंड असेल तर हा फायदाच आहे. भोक असेल, तर पंधरा दिवसांनी तुम्ही याल तेव्हा तलाव अर्धा झालेला असेल.

मनापासून सांगायचं तर, पंधरा दिवस कुणी फिरकणार नसेल अशा जागी पाणी न सोडणारं कव्हर घालूच नये. जाळीचं कव्हर घाला. पाऊस त्यातून तलावात पडतो, जादाचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपने निघून जातं, पाचोळा वर राहतो. पावसाळा संपल्यावर पाणी हिरवट निघेल आणि औषधाचा खर्च थोडा वाढेल. तो परवडतो, फाटलेलं कव्हर आणि जळलेला पंप परवडत नाही. फक्त ओव्हरफ्लोचं तोंड मे महिन्यात साफ करून घ्या.

प्रश्न : वादळात दोन-दोन दिवस वीज नसते. पंपाशिवाय पाणी काढता येईल का?
— एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : तलाव उतारावर असेल तर अगदी सहज. नळीचं बाहेरचं टोक कव्हरवरच्या पाण्यापेक्षा खाली गेलं, की सायफन चालतो. उंचीत एक मीटर फरक आणि १५ मीटर नळी धरली, तर अर्ध्या इंचाच्या नळीतून तासाला सुमारे ३०० लिटर जातात, एक इंचातून सुमारे १,८००. म्हणून इथेही एक इंचच, आणि शक्य असेल तर दोन नळ्या.

सगळी नळी टाकीच्या नळाला लावून पाण्याने पूर्ण भरा, दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून धरा. एक टोक कव्हरवरच्या सगळ्यात खोल जागी बुडवा, मगच त्यावरचा अंगठा सोडा. नंतर खालचं टोक मोकळं करा. तोंडाने ओढू नका, ते पाणी पक्ष्यांच्या विष्ठेचं असतं. बुडवलेल्या टोकाला जाळीचा तुकडा बांधा आणि ते तरंगू नये म्हणून वाळू भरलेली छोटी कापडी पिशवी लावा. दगड नको. काठावर नळी मुडपत असेल, तर तिथे एल्बो बसवा. नळी काठाला दोरीने पक्की बांधा, कारण ती सरकून कव्हरच्या फटीतून तलावात गेली, तर तलावच रिकामा होत राहील आणि अंधारात कळणारही नाही.

प्रश्न : एवढा व्याप करण्यापेक्षा पावसाळ्यात तलाव रिकामा करून ठेवला तर? आमची टाकी फायबरची आहे.
— एक वाचक, मुरूड

उत्तर : कृपा करून तसं करू नका. कोकणात जुलैमध्ये जमिनीतलं पाणी हातभर खोलीवर येतं. रिकामी टाकी त्या पाण्यात बादलीसारखी तरंगायला बघते. फायबरची टाकी हलकी असल्याने ती उचलली जाते, वाकते, तिचे पाइप तुटतात. काँक्रीटच्या टाकीलाही तळाशी तडे जाऊ शकतात. तलावातलं पाणी हेच टाकीला खाली धरून ठेवणारं वजन आहे. तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह असला, तरी त्याच्या भरवशावर पावसाळ्यात टाकी रिकामी करू नये. तो मातीने बुजतो.

तलाव अर्धा करूनही ठेवू नका. पातळी फार उतरली की कव्हरला खालून आधार राहत नाही, सगळं वजन कडेच्या रिंगा आणि शिवणींवर येतं आणि पहिल्या मोठ्या पावसात कव्हर आत कोसळतं. तलाव काठापासून १५ सेंटिमीटरच्या आत भरलेला ठेवा. आणि कव्हरवर पाणी असताना तलावाचं पाणी काढायची वेळ आलीच, तर आधी वरचं, मग खालचं. हा क्रम उलटा केला की कव्हर जातं.

प्रश्न : पर्यटकांना भाड्याने देतो त्या घराच्या तलावावर कव्हर आहे. त्यावरच्या पाण्यात डासांच्या अळ्या दिसल्या. औषध टाकावं का? आणि लहान मुलं आली तर कव्हर त्यांना पेलेल का?
— एक वाचक, बार्देश, गोवा

उत्तर : दुसरा प्रश्न आधी, कारण तो जिवाचा आहे. नाही पेलणार. साधं कव्हर म्हणजे लहान मुलाला अंगणासारखं दिसणारं पाणी आहे. त्यावर पाऊल पडलं की ते खाली दबतं, आजूबाजूचं सगळं पाणी त्या खळग्यात धावतं आणि मुलाभोवती कव्हर गुंडाळलं जातं. कव्हरवर चार बोटं पाणी असलं तरी पालथं पडलेलं लहान मूल त्यात बुडतं. भाड्याने देत असाल तर तलावाभोवती चार फुटांचं, आपोआप मिटणाऱ्या फाटकाचं कुंपण घाला, आणि पाहुणे येण्याच्या आधी कव्हर कोरडं केलेलं असू द्या. माणसाचं वजन पेलणारी कव्हरं वेगळी असतात. जमिनीत रोवलेल्या खुंट्यांना पट्ट्यांनी ताणून बांधलेली. अमेरिकेत त्यांच्यासाठी एएसटीएम एफ१३४६ हे मानक आहे आणि त्यात कव्हरवर पाणी साचून राहू नये ही अटही आहे. अशा कव्हरच्या भरवशावरही मुलांना एकटं सोडू नका.

आता अळ्या. डेंग्यूचा एडिस डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो. आठवड्यातून एकदा कव्हर पूर्ण कोरडं केलं, की साखळी तुटते आणि औषधाची गरज पडत नाही. मात्र त्याची अंडी पाण्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून पाणी काढल्यावर लांब दांड्याच्या मऊ ब्रशने काठाकाठाने, जिथे पाण्याची रेघ उमटलेली असते तिथे, घासून घ्या. पंपाने न निघालेलं पाणी एका बाजूने कव्हर हळूच उचलून पंपाकडे ढकला. घड्यांमध्ये वाटीभर पाणी राहिलं तरी अळ्यांना तेवढं पुरतं.

प्रश्न : इथे ऑक्टोबरमध्ये तलाव बंद करून कव्हर घालतो. पावसाचं पाणी साचतं, डिसेंबरात त्याचा बर्फ होतो. पंप कव्हरवरच ठेवावा का?
— एक वाचक, न्यू जर्सी, अमेरिका

उत्तर : गोठण्याचा अंदाज आला की पंप काढून गॅरेजमध्ये न्या. पंपाच्या पोटात राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि अंग तडकतं. नळीही उलटी करून रिकामी ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी नळीतला बर्फाचा बोळा पाणी अडवतो आणि पंप उगाच तापत राहतो. जमलेला बर्फ फोडायला जाऊ नका. त्याच्या कडा काचेसारख्या असतात, कव्हर कापतात. बर्फ तिथेच राहू द्या. खाली पाणी असल्याने वजन पेललं जातं. चार-पाच दिवस ऊन पडून कडेचं वितळलं की तेवढं काढा, उरलेलं तरंगू द्या. तलाव जमिनीच्या वर उभा केलेल्या प्रकारचा असेल, तर कव्हरखाली हवेची उशी ठेवलीच असेल. तिच्यामुळे पाणी कडेला जमतं, तेव्हा पंपही कडेला ठेवा, मधोमध नाही. सॉकेट जीएफसीआयचंच (आरसीसीबीसारखंच, करंट गळताच वीज तोडणारं) हवं.

प्रश्न : कव्हरवरून काढलेलं पाणी झाडांना घातलं तर चालेल? विहिरीत सोडलं तर?
— एक वाचक, वाई

उत्तर : झाडांना चालेल. टीडीएस पावसाच्या पाण्याइतका कमी असेल, तर बिनदिक्कत घाला. कुजलेल्या पानांचा रंग उतरलेला असला तरी झाडांना त्याचा त्रास नाही. कव्हर गळत असेल आणि तलावाचं क्लोरिनचं पाणी मिसळलेलं असेल, तर ते रोपांना नको, लॉनवर पसरून सोडा. विहिरीत कुठलंच सोडू नका, पक्ष्यांची घाण त्यात असते. सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्यातही नको. पावसाळ्यात तो आधीच तुडुंब असतो आणि तासाला दोन हजार लिटरचा मारा झाला की मैला वर येतो. नळीचं तोंड बांधावर सोडत असाल, तर खाली एक फरशी ठेवा. तिच्याशिवाय एका रात्रीत बांधाला घळ पडते.